सात पौंडांची गायिका आणि तिचा बँडवाला

१९५१ साली लंडनमध्ये एका गायिकेची चाचणी झाली. बँडचं नाव 'डँकवर्थ सेव्हन'. सात जण, सगळे तरुण, सगळे बीबॉप नावाच्या नव्या जॅझने झपाटलेले. गायिका चोविशीच्या आसपासची, लग्न झालेली, एका मुलाची आई. हॉटेलात किंवा नाचाच्या हॉलमध्ये गायचा म्हणावा असा अनुभव तिला नव्हता. गाणं ऐकून बँडच्या प्रमुखाने आठवड्याला सहा पौंड देऊ केले. ती म्हणाली, सात. सात ठरले.

प्रमुखाचं नाव जॉन डँकवर्थ. गायिकेचं नाव तेव्हा क्लेमेंटिना कॅम्पबेल, लग्नानंतरचं लँग्रिज. हे सगळं पोस्टरवर मावेना, तेव्हा बँडवाल्यांनी चिठ्ठ्या टाकून तिला नवं नाव दिलं : क्लिओ लेन. पुढे १९५८ मध्ये या दोघांनी लग्न केलं आणि २०१० पर्यंत एकत्र गायलं-वाजवलं. चाचणीपासून मोजलं तर एकोणसाठ वर्षं.

यंदाच्या अंकाचा विषय संपादकांनी कळवला, 'जोडी'. माझ्यापुढे नेहमीची मराठी नावं होतीच. पण २४ जुलै २०२५ रोजी क्लिओ लेन वयाच्या ९७ व्या वर्षी वेव्हंडनच्या घरी वारल्या आणि माझी भाची नेमकी त्याच गावाला लागून असलेल्या मिल्टन कीन्समध्ये नोकरीला. तिच्याकडे जायचं लांबत होतं, त्याला निमित्त मिळालं. जाताना डोक्यात प्रश्न साधा होता. नवरा-बायकोने एकाच मंचावर, एकाच गाण्यात, इतकी वर्षं काढायची तर ती कशी काढतात? प्रेम असतंच, ते गृहीत धरू. बाकीचं काय लागतं?

साउथॉलची क्लेमेंटिना

सुरुवात साउथॉलपासून केली, कारण क्लिओ तिथली. पश्चिम लंडनमधलं हे उपनगर आज पंजाबी वस्तीसाठी ओळखलं जातं. स्टेशनच्या पाटीवर इंग्रजीखाली गुरुमुखीत नाव आहे. बाहेर पडलं की जिलेबीचा वास, सोन्याची दुकानं, फुटपाथवर भेंडी आणि कोथिंबीर. २८ ऑक्टोबर १९२७ ला क्लिओ इथे जन्मली तेव्हा यातलं काहीच नव्हतं. तिचे वडील जमैकाचे, पहिल्या महायुद्धात लढलेले, नंतर मजुरी करणारे आणि जमेल तिथे गाणारे. आई इंग्रज, शेतकऱ्याच्या घरातली. त्या काळच्या इंग्लंडमध्ये असं कुटुंब म्हणजे गल्लीतल्या प्रत्येकाने वळून पाहावं असं. आई-वडिलांचं तिच्या जन्मावेळी लग्न झालेलं नव्हतं. त्यामुळे जन्मनोंदीत आपलं आडनाव आईचं आहे हे क्लिओला कळलं ते थेट पासपोर्ट काढायच्या वेळी, वयाच्या पंचविशीनंतर.

आई खमकी होती. पैशाची ओढाताण असतानाही तिने मुलीला गाणं आणि नाच शिकायला घातलं. १९४० च्या 'द थीफ ऑफ बगदाद' या चित्रपटात लहान क्लिओ गर्दीतल्या पोरांमध्ये उभी आहे. त्याच चित्रपटाचा नायक म्हैसूरच्या माहुताचा मुलगा साबू. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. मग केशकर्तनाच्या दुकानात उमेदवारी, टोप्यांच्या दुकानात काम, वस्तू गहाण ठेवणाऱ्याच्या दुकानात काम. एकोणिसाव्या वर्षी लग्न, मग मूल. त्या वस्तीत, त्या काळात गोष्ट बहुधा इथेच संपते.

म्हणून तो सातवा पौंड मला महत्त्वाचा वाटतो. ज्या बाईने दुकानात दुसऱ्यांच्या गहाण वस्तूंची किंमत होताना पाहिली, तिला स्वतःची किंमत सांगता येत होती. आणि समोरच्याने ती दिली, घासाघीस न करता. या जोडीचा पहिला व्यवहार असा रोखीचा झाला. पुढचं सगळं त्यावर उभं आहे असं माझं मत आहे.

जहाजावर चढून शिकलेला

जॉन डँकवर्थचं घर वेगळं. पूर्व लंडनच्या बाजूचं, गाण्याबजावण्याचं, लहानपणी व्हायोलिन आणि पियानोच्या शिकवण्या असलेलं. बेनी गुडमनची रेकॉर्ड ऐकून पोराने क्लॅरिनेटचा हट्ट धरला, आणि सतराव्या वर्षी तो लंडनच्या रॉयल अ‍ॅकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये दाखल झाला. तिथे क्लॅरिनेट चालत होतं, जॅझ चालत नव्हतं. आपल्याकडे गाण्याच्या क्लासात नाट्यगीत गुणगुणलं तर गुरुजी जसे बघत, तोच मामला.

शिकायचं तर अमेरिकन वादक ऐकायला हवेत. पण ऐकायचे कुठे? ब्रिटनच्या वादक-संघटनेच्या विरोधामुळे १९३५ पासून पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकन बँड ब्रिटनमध्ये जवळजवळ येऊच शकत नव्हते. आपल्या माणसांची रोजी जाऊ नये म्हणून केलेली ही तटबंदी. झालं असं की आपल्याच पोरांचे कान बंद झाले. मग या पोरांनी युक्ती काढली. अटलांटिक ओलांडणाऱ्या मोठ्या प्रवासी जहाजांवर बँड लागत. तिथे नोकरी धरायची, जाताना-येताना प्रवाशांसाठी वॉल्ट्झ वाजवायचे आणि न्यूयॉर्कला जहाज धक्क्याला लागलं की थेट क्लबांत जाऊन सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करचं बीबॉप ऐकायचं. डँकवर्थ यांतलाच. १९४९ मध्ये पॅरिसच्या जॅझ महोत्सवात पार्करला त्याने आणखी जवळून पाहिलं. क्लॅरिनेटवरून त्याचा ओढा एव्हाना ऑल्टो सॅक्सोफोनकडे वळला होता.

मधल्या काळात, १९४८ मध्ये, त्याने आणि रॉनी स्कॉट वगैरे मित्रांनी सोहोतल्या ग्रेट विंडमिल स्ट्रीटवर 'क्लब इलेव्हन' काढला. दहा वादक आणि एक व्यवस्थापक, म्हणून अकरा. तालमीची खोली भाड्याने घेऊन चालवलेला कारभार. पिकॅडिलीकडून मी त्या गल्लीत शिरलो तेव्हा संध्याकाळ होती आणि नाटकाला जाणाऱ्यांची गर्दी होती. गल्ली अरुंद, छोटी. बीबॉपने ब्रिटनमध्ये पाय रोवले ते या चार पावलांच्या जागेत, यावर विश्वास बसायला वेळ लागतो.

इथे एक आडवळण. १९५१ हे 'अलबेला' चित्रपटाचंही साल. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, त्यात बोंगो आणि ट्रम्पेट असे काही वापरले की थिएटरात पैसे उडाले. त्यामागे गोव्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आणि त्याचे साथीदार होते. ते पडद्यावरही दिसतात. त्याआधी तीसच्या दशकात ताजमहाल हॉटेलात कृष्णवर्णी अमेरिकन बँड येऊन गेले होते आणि गोव्याच्या वादकांनी त्यांचं ऐकून घेतलं होतं. म्हणजे क्लिओ सात पौंड मागत होती त्या वर्षी जॅझ आपल्या कानांवर पडत होतंच, फक्त तिकिटावर नाव वेगळं होतं.

एका श्वासात दोघं

आता मुख्य गोष्ट, वाजवण्याची. भाचीकडे बसून मी त्यांच्या ध्वनिमुद्रिका आणि जुनी चित्रणं पुन्हा पुन्हा लावली. घरातले कंटाळले. मला मात्र एक गोष्ट पकडायची होती.

आपल्या मैफलीत पेटीवाला गायकाच्या मागून येतो. गायकाने जागा घेतली की अर्ध्या क्षणाने पेटी तीच जागा दाखवते. चांगला पेटीवाला हे अंतर इतकं कमी करतो की ते जाणवत नाही, पण अंतर असतं. त्यात नातंही ठरलेलं : पुढे गाणारा, मागे साथ करणारा. क्लिओ आणि जॉन जे करतात ते याहून वेगळं आहे. आवाज आणि क्लॅरिनेट (कधी सॅक्सोफोन) एकाच वेळी, एकच वेडीवाकडी धून, झपाट्याने घेतात. कोणी मागे नाही, कोणी पुढे नाही. बीबॉपच्या धुना मुळात वाद्यासाठी बांधलेल्या असतात, उड्या मारणाऱ्या, भलत्याच जागी संपणाऱ्या. त्या गळ्याने घ्यायच्या म्हणजे तराण्याचे बोल द्रुत लयीत घेताना मध्येच सप्तक ओलांडायचं. शब्द नसतात. निरर्थक अक्षरं असतात. याला जॅझवाले स्कॅट म्हणतात.

हे जमतं कसं? पहिलं कारण लेखनाचं. जॉन फक्त वादक नव्हता, तो स्वररचना कागदावर लिहिणारा होता. आता ऑल्टो सॅक्सोफोनची एक गंमत असते. वादकाच्या कागदावर 'सी' लिहिलेला असतो तेव्हा पेटीच्या भाषेत प्रत्यक्षात काळी दोन ऐकू येते. बी फ्लॅट क्लॅरिनेटवर तोच 'सी' म्हणजे काळी पाच. गाणाऱ्याला मात्र जो स्वर लिहिलाय तोच लावायचा असतो. म्हणजे एकच ओळ दोघांसाठी दोन वेगवेगळ्या प्रकारे लिहावी लागते. त्यातून क्लिओचा आवाज विलक्षण. खालच्या बाजूला पुरुषी म्हणावा इतका जाड आणि धुरकट, वरच्या बाजूला शिट्टीसारखा बारीक, तीन सप्तकांच्या बराच पुढे जाणारा. बहुतेक रचनाकार गायिकेसाठी मधली पट्टी धरून लिहितात. जॉन दोन्ही टोकं धरून लिहायचा. एका ओळीत खालून वर फेकायचा आणि ती पोहोचायची.

दुसरं कारण श्वासाचं. क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन दोन्ही फुंकून वाजतात. त्यामुळे वादकालाही गायिकेसारखाच मध्ये श्वास घ्यावा लागतो. पियानोवाला गायिकेचा श्वास विसरला तरी त्याचं स्वतःचं काही अडत नाही. फुंकवाद्यवाल्याचं अडतं. एकत्र धून घ्यायची तर श्वासाच्या जागा एकच हव्यात. चित्रणात नीट पाहिलं तर दिसतं : धून सुरू व्हायच्या आधी जॉनचे खांदे उचलले जातात आणि त्याच क्षणी क्लिओची हनुवटी वर जाते. एकमेकांकडे बघत नाहीत. बघायची गरज संपलेली असते. नंतर मग सवाल-जवाब सुरू होतो. तो चार ओळी वाजवतो, ती त्यांना उलटं वळण देऊन परत पाठवते, आणि हळूहळू अंतर कमी करत पुन्हा एकत्र. हे सगळं बाकीच्यांच्या डोक्यावरून जात नाही, कारण खाली पियानो, बास आणि ड्रम गाण्याचं आवर्तन पक्कं धरून असतात. आपल्या तबल्याने ठेका सोडला नाही की वर काय वाटेल ते चालतं, तसंच.

शेक्सपिअर, पण नाचत

१९६४ मध्ये दोघांनी केलेली 'शेक्सपिअर अँड ऑल दॅट जॅझ' ही मुद्रिका माझ्या मते त्यांच्या कामाचा कळस. इंग्रजी साहित्यातलं सोवळं जॅझच्या हातात दिलं तर एक तर सोवळं विटाळतं किंवा जॅझ बावळट दिसतं. इथे दोन्ही झालं नाही. सुनीतं, नाटकांतली गाणी, 'मॅकबेथ'वरून एक ब्लूज, असा सगळा माल. त्यात 'द कम्प्लीट वर्क्स' नावाचं एक छोटं गाणं आहे. त्यात आहेत फक्त शेक्सपिअरच्या नाटकांची नावं. एकामागून एक, लयीत. आपल्याकडे कोणी गडकऱ्यांच्या नाटकांची यादी तालात म्हणून टाळ्या घ्याव्यात तसं. ऐकताना हसू येतं आणि मग लक्षात येतं, प्रत्येक व्यंजन स्वच्छ ऐकू येतंय. उच्चाराची ही शिस्त जॅझ गायिकांमध्ये सर्रास नसते. क्लिओ नाटकाच्या वाटेने गेली त्याचा हा फायदा. लग्न झालं त्याच वर्षी, १९५८ मध्ये, बँड सोडून ती रॉयल कोर्ट थिएटरच्या रंगमंचावर एका नाटकात मुख्य भूमिकेत उभी राहिली होती.

लग्नही गुपचूप. मार्चमध्ये, हॅम्पस्टेडच्या नोंदणी कार्यालयात, साक्षीदार दोन संगीतकार मित्र. बस्स. त्याच उन्हाळ्याच्या शेवटी लंडनच्या नॉटिंग हिल भागात काळ्या लोकांवर हल्ले झाले, दंगली उसळल्या. त्यानंतर कलावंतांनी वंशमैत्रीसाठी जी मोहीम उघडली तीत ही जोडी होती. गोरा नवरा, सावळी बायको, दोघं एका मंचावर. त्या साली लंडनमध्ये हे पोस्टरच पुरेसं बोलकं होतं.

'अभिमान' इथे का घडला नाही

मराठी वाचकाच्या मनात एव्हाना हृषीकेश मुखर्जींचा 'अभिमान' आला असणार. गाणारा नवरा, त्याच्याहून सरस गाणारी बायको, आणि मग घराला लागलेली वाळवी. चित्रपट १९७३ चा. योगायोग असा की त्याच सुमारास इथेही तीच परिस्थिती तयार झाली होती. १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या अ‍ॅलिस टली हॉलमध्ये क्लिओ गायली, पुढच्या वर्षी कार्नेगी हॉलमध्ये, आणि अमेरिकेने तिला डोक्यावर घेतलं. तोवर ब्रिटनमध्ये जॉनचं नाव मोठं होतं : १९५६ चं 'एक्सपेरिमेंट्स विथ माइस', १९६१ चं 'आफ्रिकन वॉल्ट्झ', दोन्ही लोकप्रिय. आता अमेरिकेत तो क्लिओ लेनचा नवरा झाला, तिच्या बँडचा संचालक. कार्नेगीतल्याच नंतरच्या एका मैफलीच्या मुद्रिकेला पुढे ग्रॅमी मिळालं ते तिला, जॅझ गायिका म्हणून. त्याआधी शोनबर्गच्या 'पिएरो लुनेअर'साठी अभिजात संगीतातलं नामांकनही तिला मिळून गेलं होतं. ब्रॉडवेवर १९८५ मध्ये 'द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड'मध्ये तिने भूमिका केली, टोनीचं नामांकन मिळालं.

मग घर का नाही फुटलं? भाबडं उत्तर म्हणजे जॉन मोठ्या मनाचा होता. असेलही. पण मला त्याहून हिशेबी उत्तर पटतं. दोघांकडे एकमेकांशिवायचं काम होतं, आणि भरपूर होतं. जॉन चित्रपटांना संगीत देत होता : १९६० चा 'सॅटरडे नाइट अँड संडे मॉर्निंग', १९६३ चा 'द सर्व्हंट', १९६५ चा 'डार्लिंग'. 'द अ‍ॅव्हेंजर्स' या गाजलेल्या टीव्ही मालिकेची मूळ धून त्याची. १९८५ पासून काही वर्षं लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या लोकप्रिय संगीताच्या मैफलींची धुरा त्याच्याकडे होती. क्लिओकडे नाटकं, संगीतिका, रे चार्ल्सबरोबर 'पोर्गी अँड बेस', गिटारवादक जॉन विल्यम्स आणि बासरीवादक जेम्स गॉलवे यांच्याबरोबरच्या मुद्रिका. म्हणजे एकत्र मंचावर येताना दोघं आपापल्या घरून खाऊन आलेले असत, एकमेकांच्या ताटावर नजर नसे.

आपल्याकडच्या जोड्या आठवल्या तर हेच उलट बाजूने दिसतं. बाबूजींच्या घरात ललिताबाई स्वतः पार्श्वगायिका होत्या, पण पुढच्या पिढीला त्या मुख्यतः सुधीर फडके यांच्या पत्नी म्हणून माहीत. सुनीताबाई देशपांडे यांनी पुलंच्या प्रयोगांची सगळी व्यवस्था, पैशाअडक्याची आणि वेळेची शिस्त सांभाळली. त्यांचं स्वतःचं लेखन 'आहे मनोहर तरी'च्या रूपाने १९९० मध्ये आलं तेव्हा महाराष्ट्र दचकला. दोघांनी मिळून केलेलं बोरकरांच्या, मर्ढेकरांच्या कवितांचं वाचन हा मात्र खरा दुहेरी कार्यक्रम होता. दोन आवाज, समान हक्काचे. तो ज्यांनी ऐकला ते आजही त्याच्याविषयी बोलतात. अशा संध्याकाळी आपल्याकडे कमी झाल्या, याचं दुःख मला आहे.

एक गमतीची गोष्ट इथेच सांगून टाकतो. ब्रिटनमध्ये नवऱ्याला 'सर' मिळालं की बायको आपोआप 'लेडी' होते. क्लिओला हा मार्ग लागलाच नाही. ती १९९७ मध्येच स्वतःच्या गाण्यावर 'डेम' झाली. जॉनला 'सर' व्हायला २००६ उजाडलं.

पागेतलं सभागृह

मिल्टन कीन्स हे १९६७ मध्ये ठरवून वसवायला घेतलेलं शहर. रस्ते वहीच्या रेघांसारखे, आडव्यांना 'एच' आणि उभ्यांना 'व्ही' अशी अक्षरं, आणि चौकाच्या जागी गोल वळसे. भाचीला हे शहर आवडतं, मला त्यात प्रत्येक वळसा मागच्यासारखाच वाटला. शहराच्या काठावर वेव्हंडन हे जुनं खेडं अजून टिकून आहे. तिथल्या जुन्या धर्मगुरूंच्या वाड्यात, ओल्ड रेक्टरीत, जॉन आणि क्लिओ राहायला आले. आवारात घोड्यांची पागा होती. घोडे केव्हाच गेलेले. ६ फेब्रुवारी १९७० रोजी त्या पागेत त्यांनी पहिली मैफल केली. नावही तेच ठेवलं, 'द स्टेबल्स'. पहिल्याच वर्षी ४७ मैफली झाल्या.

हौस म्हणून घराच्या अंगणात चार मित्रांना गाणं ऐकवणं वेगळं आणि हे वेगळं. त्यांनी धर्मादाय संस्था केली. जॅझ, अभिजात, लोकसंगीत, पॉप, सगळं एका छपराखाली यायला हवं हा जॉनचा हट्ट होता. रॉयल अ‍ॅकॅडमीत जॅझकडे नाकं मुरडलेली त्याने पाहिली होती, त्याची ही परतफेड. मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी संगीताची शिबिरं सुरू झाली. पागा पुरेना, तेव्हा २००० मध्ये शेजारी नवं सभागृह उभं राहिलं, सुमारे चारशे खुर्च्यांचं. त्याला नाव जिम मार्शल यांचं. जगभरच्या रॉक गिटारवाल्यांच्या मागे जे 'मार्शल' लिहिलेले काळे खोके दिसतात ते बनवणारे हे गृहस्थ. त्यांचा कारखाना याच शहरातला.

स्टॉकवेल लेनवरून आत वळलं की आधी गाड्यांची जागा, मग बैठी इमारत. कुठेही थाट नाही. आम्ही गेलो त्या संध्याकाळी एका लोकसंगीताच्या गटाचा कार्यक्रम होता. दारात तिकिटं बघणारी, कार्यक्रमपत्रिका देणारी बहुतेक माणसं स्वयंसेवक होती, निवृत्तीच्या वयाची. त्यांपैकी एका बाईंनी मला थांबवून भारतातून आलात का म्हणून विचारलं, आणि क्लिओचं नाव काढताच त्या कलावंताबद्दल बोलल्यासारख्या नाही, शेजारणीबद्दल बोलल्यासारख्या बोलू लागल्या. सभागृहात चढती बैठक. मागच्या रांगेतूनही फिडलवाल्याची बोटं दिसत होती. माइक होता, पण छातीवर आदळत नव्हता. मध्यंतरात लोक आइस्क्रीमचे छोटे डबे घेऊन परत आपापल्या जागी.

इथे मला त्या सुरुवातीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं. फिरस्तीच्या कलावंताच्या संसारात सगळ्यात आधी मोडते ती जागा. दौरा, हॉटेल, दुसरा दौरा. या दोघांनी मंचच घराच्या आवारात आणून ठेवला. दौरे चालूच राहिले, पण परत येण्याच्या ठिकाणी काम होतं, तालमीची जागा होती, आणि नवं करून पाहायला आपलं प्रेक्षागृह होतं. जॉनने क्लिओसाठी लिहिलेली 'कोलेट' ही संगीतिका आधी इथेच झाली, मग लंडनला गेली. मुलंही त्याच वातावरणात वाढली. अ‍ॅलेक बास वाजवतो, जॅकी गाते आणि नाटकांत काम करते.

मुंबईत जॅझला असं एक ठिकाण मिळालं होतं. १९७८ पासून निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने 'जॅझ यात्रा' भरू लागली तेव्हा धोबी तलावजवळच्या रंगभवनात, उघड्या आकाशाखाली, सॉनी रॉलिन्ससारखे लोक वाजवून गेले. पुढे शांतता-क्षेत्राच्या नियमात रंगभवन अडकलं आणि मैफली गेल्या. जागा गेली की वादक एकटे पडतात, श्रोते पांगतात. हे सांगायला कोणा तज्ज्ञाची गरज नाही.

सहा फेब्रुवारी २०१०

२००९ च्या अमेरिका दौऱ्यात जॉन आजारी पडला. परत आल्यावर, वर्षाच्या अखेरीस, लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये चाकाच्या खुर्चीत बसून त्याने सॅक्सोफोन वाजवला. नंतर इस्पितळ.

६ फेब्रुवारी २०१० ला 'स्टेबल्स'ला चाळीस वर्षं पूर्ण होत होती. कार्यक्रम महिनोन्महिने आधी ठरलेला, तिकिटं संपलेली, पाहुणे कलावंत आलेले. त्याच दुपारी जॉन गेला. वय ८२. कुटुंबासमोर प्रश्न, आता काय? कार्यक्रम करायचं ठरलं. क्लिओ गायली. जॅकी गायली. अ‍ॅलेकने बास वाजवला. श्रोत्यांना काहीच माहीत नव्हतं. जॉन आजारी आहे आणि येऊ शकला नाही, एवढंच त्यांना ठाऊक. सगळं संपल्यावर, अगदी शेवटी, क्लिओने मंचावरून सांगितलं.

या निर्णयाबद्दल दोन मतं असू शकतात, आमच्या घरात जेवताना ती पडलीही. भाचीच्या नवऱ्याचं म्हणणं, हे फार कठोर झालं, आधी सांगायला हवं होतं, लोकांना टाळ्या वाजवताना काय वाटलं असेल. मला तसं वाटत नाही. तो हॉल दोघांचा होता, तारीख दोघांची होती, आणि ठरलेली मैफल रद्द करणं हे जॉन डँकवर्थच्या कोष्टकात बसणारं नव्हतं. ती तेव्हा ८२ वर्षांची होती. शोक करायला बाकीचे दिवस होते. आधी सांगितलं असतं तर लोकांनी तिला ऐकलं नसतं, तिच्याकडे नुसतं पाहिलं असतं.

त्यानंतरही क्लिओ काही वर्षं गात राहिली. पण ते क्लॅरिनेट कोणी उचलून तिच्या शेजारी उभं राहिलं म्हणून ती जागा भरली, असं कोणीच म्हणालं नाही.

ऐकायचं असेल तर

जॅझ आपल्याला कळत नाही म्हणून बाजूला सारणाऱ्यांना एवढंच सांगेन, कळायची घाई करू नका. सुरुवात १९६४ च्या शेक्सपिअर-मुद्रिकेपासून करा, कारण तिथे शब्द आहेत, धरायला काहीतरी मिळतं. मग कार्नेगीच्या मैफलींकडे या. पहिल्यांदा फक्त क्लिओकडे लक्ष द्या. दुसऱ्यांदा कानाला हेडफोन लावून तिला विसरा आणि तिच्या शेजारून जाणाऱ्या क्लॅरिनेटला किंवा सॅक्सोफोनला धरा. तिसऱ्यांदा दोन्ही एकदम. इंग्लंडला कोणाकडे जाणं झालंच तर लंडनहून मिल्टन कीन्सची गाडी युस्टनवरून सुटते. वेव्हंडनच्या 'स्टेबल्स'मध्ये जवळजवळ रोज काही ना काही असतं. तिकीट आधी काढा, खुर्च्या चारशेच आहेत.